सुंबरलेगीचे रिसबूड

रिसबूड गेल्याचा मेसेज ऑस्ट्रेलियात, आमच्या टूवूंबातल्या मराठी ग्रुपवर आला तेव्हा तासाभरात जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी त्यांना ऋषितुल्य म्हटलं, कुणी चालताबोलता ज्ञानकोश. ऋषितुल्य लिहिणाऱ्या बाई पूर्वी त्यांची गाडी वळणावर दिसली की गराजचं दार खाली करायच्या. मी काहीच लिहिलं नाही. मला रिसबूड आवडत नव्हते आणि ते मेल्यामुळे आवडायला लागले असंही झालं नाही. पण सात वर्षं त्यांचं आणि आमचं कुंपण एक होतं, त्यामुळे गराजचं दार खाली करून भागेल अशी माझी सोय नव्हती. मी त्यांना पाहिलं, इतरांपेक्षा पुष्कळ जास्त पाहिलं.

उंच माणूस. मान पुढे काढून चालायचे, जणू पुढच्याच्या खांद्यावरून त्याचा पेपर वाचताहेत. इस्त्रीचा शर्ट, खाली हाफपँट, पायांत मोजे आणि रबरी चपला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी मेलबर्नला क्लेटनमध्ये. मृदाशास्त्रातले डॉक्टर, युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेले. पुढच्या दाराने ते कधी आले नाहीत. मागच्या कुंपणाशी उभं राहायचे आणि वाक्याच्या मधूनच सुरुवात करायचे.

"म्हणून म्हणतो, हा उतार तुम्ही चुकीचा कापलाय."

आमची गल्ली डोंगराच्या कडेला, घरांच्या मागे जमीन खाली उतरत जाते. लाल माती. पाऊस आला की गल्लीतले सगळे आत जायचे आणि रिसबूड छत्री घेऊन बाहेर यायचे. स्वतःच्या मागच्या उतारावर काठी टोचत फिरायचे, मग आमच्या उतारावर, न विचारता. माझे मिस्टर श्रीकांत म्हणायचे, असू दे, म्हातारा माणूस आहे. मी म्हणायचे, म्हातारा आहे, पण अंगण माझं आहे.

आणि सुंबरलेगी. इथल्या मराठी माणसांपैकी एकालाही हे गाव नकाशावर दाखवता आलं नसतं, पण त्याची माहिती प्रत्येकाला होती, आपल्या आजोळची नसेल इतकी. मध्य जावातलं, वोनोसोबो गावाच्या वर, डोंगरातलं एक खेडं. रिसबूड तरुणपणी कुठल्याशा परदेशी मदतीच्या प्रकल्पावर तिथे तीन वर्षं राहिले होते. त्यावर त्यांचं उरलेलं आयुष्य चाललं. कुणाच्या घरी डोहाळजेवण असो की नव्या गाडीचे पेढे, चौथ्या मिनिटाला वाक्य यायचंच: "सुंबरलेगीत बघायला हवं होतं तुम्ही."

एवढं मात्र मी मान्य करते, की सांगायचे तेव्हा गाव दिसायचं. खालून चढत गेलं की आधी सालकच्या बागा. सालक म्हणजे सापाच्या कातडीसारखं साल असलेलं फळ, झाड काटेरी. मग पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. त्याच्या वर तंबाखू, चटयांवर वाळत घातलेला, अख्खा रस्ता त्याच्या वासाने जड. आणि अगदी वर, जिथे माणूस नीट उभाही राहू शकत नाही अशा उतारांवर, बटाटा आणि कोबी. दुपारी धुकं उतरलं की शेजारचं घर दिसायचं नाही. कोरड्या महिन्यांत पहाटे दव गोठायचं आणि बटाट्याचं पीक एका सकाळीत काळं पडायचं. त्या दवाला तिथले लोक विषारी दव म्हणतात. बाजार आठवड्याच्या वाराने नव्हे, पाच दिवसांच्या जावानी चक्राने भरायचा. घरं एकमेकांना पाठ लावून, वर पत्रे, मधोमध पत्र्याच्या घुमटाची छोटी मशीद. मशिदीच्या ओसरीत पोकळ लाकडाचा एक मोठा ठोकळा टांगलेला असायचा. माणूस मेला, आग लागली, चोर आला, प्रत्येकासाठी तो ठोकायची वेगळी लय. स्वयंपाकघरातली चूल दिवसभर विझत नसे, कारण थंडी. पाहुण्याला बैठकीत नाही, चुलीपाशीच बसवत.

आणि डबे. प्रत्येक घराच्या बाहेर खिळ्याला एक छोटा डबा. संध्याकाळी घरच्या बाईने त्यात मूठभर तांदूळ टाकायचा. गस्तीचे लोक फिरत यायचे आणि सगळे डबे एका पोत्यात रिकामे करायचे. त्या तांदळावर गावातली आजारपणं आणि मर्तिकं निघायची. कुणी किती टाकला कुणाला कळत नसे. मात्र डबा रिकामा असला तर गस्तीवाले पुढे जात नसत. दार ठोठावायचे.

"रिकामा डबा म्हणजे दंड नाही," रिसबूड बोट वर करून सांगायचे. "रिकामा डबा म्हणजे चौकशी."

श्रीकांत एकदा चांगुलपणाने म्हणाले, आपल्याकडेही मुष्टिफंड होता की, सर. रिसबूडांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मुष्टिफंडात रिकाम्या मुठीची चौकशी करायला कोणी येत नसे, म्हणाले, आणि पेढा खाल्ला.

आमचं वितुष्ट आकड्यावरून झालं. मी कौन्सिलच्या पाणीखात्यात आहे. घरोघरच्या मीटरचे आकडे येतात, ते मागच्या आकड्यांशी ताडायचे आणि न पटणारे बाजूला काढायचे हे माझं काम. ती सवय घरी येताना ऑफिसात ठेवून येता येत नाही. इथल्या मराठी मंडळाने लायब्ररीच्या हॉलमध्ये रिसबूडांचं स्लाइड्ससकट भाषण ठेवलं होतं, विषय सांगायलाच नको. सुरुवातीला ते म्हणाले, गावात एकशे चाळीस घरं. शेवटी पडद्यावर जो तक्ता आला त्यात घरं एकशे अठरा. प्रश्नोत्तरांत मी हात वर केला आणि विचारलं, नक्की किती?

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, साधारण. मी म्हटलं, साधारण म्हणजे दोनचार इकडेतिकडे. बावीस घरं म्हणजे अख्खी गल्ली झाली. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. त्या हसण्याला मी जबाबदार नव्हते, पण राग माझ्यावर आला.

"नीलिमा, तू मीटर वाच. गावं वाचणं तुझं काम नाही."

माझी पंधरा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "Rude." मी उठून आले. त्यानंतर वर्षभर आम्ही कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी झाडांना पाणी घातलं, एक शब्द न बोलता. त्यांच्या आकड्यांविषयी माझं मत तेव्हाच ठरलं: या माणसाची बेरीज कच्ची आणि तोंड पक्कं.

मग कोविड आला. लॉकडाऊन लागलं, सीमा बंद झाल्या, देशाबाहेर जायलाही सरकारची परवानगी लागायला लागली. आमच्या ओळखीच्या प्रत्येकाचं कोणीतरी पुण्यात नाहीतर ठाण्यात अडकलेलं. लोक रडवेले झाले होते. रिसबूड मात्र खुलले. दरवर्षी ते म्हणत, या वर्षी सुंबरलेगीला जाणारच, आणि दरवर्षी काहीतरी आड यायचं, कधी गुडघा, कधी युनिव्हर्सिटीचं काम. त्या वर्षी त्यांनी कुंपणावरून श्रीकांतना सांगितलं, "आता काय, जाताच येत नाही." असं म्हणताना त्यांचा चेहरा सुट्टी लागलेल्या मुलासारखा होता. सीमा बंद झाल्याचा आनंद झालेला हा मी पाहिलेला एकमेव माणूस. तेव्हा मी तेही त्यांच्या विचित्रपणात जमा केलं.

शहरात परदेशी विद्यार्थी बरेच होते. कॅफे आणि रेस्टॉरंटं बंद झाली तशी त्यांची कामं गेली, आणि सरकारी मदत त्यांना नव्हती. मंडळाने ठरवलं की वर्गणी काढून मुलांना किराण्याची कार्डं द्यायची. सरळ, सोपं, घरबसल्या होणारं काम. दुसऱ्याच दिवशी आमच्या कुंपणाच्या खांबाला दूध पावडरचा एक रिकामा डबा तारेने बांधलेला होता. गल्लीतल्या आणि पलीकडच्या दोन रस्त्यांवरच्या प्रत्येक भारतीय घराला तसाच. ग्रुपवर रिसबूडांचा मेसेज: रोज संध्याकाळी मूठभर तांदूळ. फक्त मूठभर. मी न्यायला येईन. नाव लिहू नये.

मी ग्रुपवर लिहिलं की इतक्या घरांच्या मुठी मिळून तीन मुलांचं जेमतेम पोट भरेल, कार्डांनी तीसजणांचं भरेल. माझा हिशेब बरोबर होता, आजही बरोबर आहे. बहुतेकांनी कार्डांनाही पैसे दिले आणि डब्यांतही टाकलं, पण आपल्या लोकांना मूठ जमत नाही. कुणी पाच किलोची बासमतीची पिशवी डब्याखाली ठेवली. पलीकडच्या पटेलांनी तूरडाळ, वर लोणच्याची बाटली. एकीने डब्यात ड्रायफ्रूटचे लाडू रचले. रिसबूडांनी सगळं परत केलं. पिशवी उचलून दारात नेऊन ठेवायचे आणि मास्कमधून म्हणायचे, "मूठ म्हटलं होतं." पटेल हिंदीत त्यांना काय म्हणाले ते मी लिहीत नाही.

मी डबा रिकामा ठेवला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि दार वाजलं. सात वर्षांत पहिल्यांदाच पुढचं दार. रिसबूड पायरीखाली, नियमाप्रमाणे अंतर ठेवून.

"कोणी आजारी आहे का?"

"कोणी आजारी नाहीये. मी टाकत नाहीये, एवढंच."

"बरं," म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. तोच प्रश्न, त्याच आवाजात, आदल्या दिवशी विचारलाच नसल्यासारखा. मी म्हटलं, आम्ही या वेळी जेवतो. ते म्हणाले, मग मूठ टाका आणि जेवायला बसा. मी म्हटलं, डबा काढून टाकीन. ते म्हणाले, काढ. मग डबा का नाही हे विचारायला येईन. श्रीकांत हॉस्पिटलात एक्स-रे विभागात, शिफ्टवरून दमून आलेले. ते म्हणाले, नीलू, टाक ना एक मूठ, वाटल्यास मी टाकतो. दीड आठवडा मी लढले. मग टाकली. ते दान नव्हतं. भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे आपण पोळी टाकतो तशी मी ती टाकली.

लॉकडाऊन उठलं तरी डबे राहिले, कारण कामं लगेच परत आली नाहीत. रिसबूडांच्या गराजमधून तांदूळ न्यायला जी मुलं यायची त्यांत वाती नावाची एक मुलगी होती. इंडोनेशियाची, नर्सिंग शिकणारी, तिघीचौघींसाठी नेणारी. आमच्या ड्राइव्हवेवर सायकल लावायची म्हणून ओळख झाली. डिसेंबरात एका दुपारी ती त्यांच्याकडून आली आणि तांदळाची पिशवी आमच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली. हे तुम्ही घ्या, म्हणाली, मी त्या माणसाचा तांदूळ खाणार नाही. ती रडत नव्हती. रागाने तिचे कान लाल झाले होते.

मी तिला मागच्या ओट्यावर बसवून पाणी दिलं. तेव्हा तिने जे सांगितलं ते मी जुळवून लिहिते. ती वोनोसोबोचीच, सुंबरलेगीच्या खालच्या बाजाराच्या गावची. डबे पाहिल्यावरच तिला कळलं होतं हा माणूस कोण, कारण आता तिथेही तांदळाचे डबे राहिले नाहीत, लोक नाणं टाकतात. ज्याच्या डोक्यात अजून तांदूळ आहे तो तीसेक वर्षांपूर्वी तिथून गेलेला असणार. सुंबरलेगी म्हणजे डोंगर खाली आला ते गाव, ती म्हणाली. तिकडे पावसाळा डिसेंबर-जानेवारीत, त्यात एका संध्याकाळी वरची वाडी माणसांसकट गाडली गेली. दरवर्षी त्या तारखेला गाव एकत्र बसून प्रार्थना करतं, जेवण करतं, आणि दरवर्षी पाक रिसबूडना निरोप धाडतं. पाक म्हणजे वडीलधाऱ्याला म्हणतात ते. निरोपाला उत्तर येत नाही. यंदा साथीमुळे गर्दी करता येणार नव्हती, प्रार्थना फोनवर होणार होती. म्हणून वातीने आपण होऊन त्यांना विचारलं, पाक, फोन मी लावून देते, तुम्ही फक्त बसा. त्यावर ते तिला तिच्याच भाषेत म्हणाले, तू तांदूळ न्यायला येतेस ना, तेवढं कर.

ती गेल्यावर मी कुंपणाशी गेले. रिसबूड लिंबाचं झाड छाटत होते. वर्षाहून जास्त काळानंतर त्या कुंपणावरून मी पहिल्यांदा बोलले.

"एकशे चाळीस वजा एकशे अठरा."

कात्री थांबली. "बावीस," ते म्हणाले.

"मला वाटलं होतं तुमची बेरीज कच्ची आहे."

"तुला तसं वाटणं सोयीचं होतं."

मला दया आली असती, पण बॉनेटवरची पिशवी डोळ्यांसमोर होती. मी विचारलं, ती लोकं तुम्हाला का बोलावतात? त्यांनी कात्री मिटली. मग झाडाकडे बघूनच बोलले, भाषणातला आवाज नव्हता.

"वरच्या उतारावर मी तारा ताणल्या होत्या, टोकाला मोजणीचा काटा. जमीन सरकली की काटा सरकतो. पाऊस लागला तसे वरच्या वाडीतले लोक खाली शाळेत झोपायला लागले. पोरं, म्हाताऱ्या, ओल्या गोधड्या. कंटाळले. मला विचारायला आले. काटा शून्यावर होता. मी म्हटलं, जा घरी."

त्यांनी एक वाळकी काडी तोडली.

"शून्य आलं की आधी काय बघतात?" त्यांनी विचारलं, तोंडी परीक्षा घेतल्यासारखं.

"मीटर अडकलाय का."

"हं," म्हणाले. "मी वर चढून बघितलं नाही. पाऊस होता."

"हे तुम्ही गावाला सांगितलंत?"

"गावाला माहीत आहे."

"तुम्ही सांगितलंत का?"

"सीमा बंद आहे, नीलिमा."

"फोन बंद नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत इतक्या सरळ नजरेने बघितलेलं मला आठवत नाही, आणि त्या नजरेत प्रेम नव्हतं. "तू मीटर वाच," म्हणाले आणि कात्री घेऊन आत गेले.

मी श्रीकांतना म्हटलं, हा माणूस शेवटपर्यंत त्या फोनवरच्या प्रार्थनेला बसणार नाही. आधी वातीची माफी मागायला हवी, ते याला मेलं तरी जमणार नाही. त्यात मी चुकले. माफी मागितली की नाही ते वातीने कधी सांगितलं नाही, पण त्या तारखेला दुपारी तिची सायकल आमच्याऐवजी त्यांच्या ड्राइव्हवेवर होती.

मागच्या ओट्यावर खुर्ची, समोर स्टुलावर तांदळाचा डबा उपडा, त्याला टेकवून वातीचा फोन. रिसबूडांनी तपकिरी बाटिकचा शर्ट घातला होता, घडीच्या खुणा तशाच. हाफपँट नव्हती, काळी विजार. मी माझ्या बाजूला कपडे वाळत घालत होते. घातलेले कपडे काढून पुन्हा घालत होते म्हटलं तरी चालेल.

फोनमधून प्रार्थनेचा एकसुरी आवाज येत राहिला. मग पुष्कळ लोक एकदम बोलायला लागले, हसणंही ऐकू आलं. रिसबूड हूं, हां करत होते. मग ते एक वाक्य बोलले, हळू. पलीकडून काहीतरी आलं. ते पुन्हा तेच वाक्य बोलले, जरा मोठ्याने. पुन्हा पलीकडून तेच. मग ते खुर्चीतून उठले आणि ओरडले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, तेच वाक्य, शब्दन् शब्द तोडून. पटेलांची खिडकी उघडली. त्या भाषेतलं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं.

नंतर वातीने सांगितलं. वाक्य होतं: काटा अडकला होता आणि मी बघायला गेलो नाही. डोंगरात नेटवर्क वाईट. पलीकडचे म्हणत होते, आवाज तुटतोय, पाक, परत सांगा.

तिसऱ्यांदा मात्र पोचलं, कारण पलीकडे सगळं शांत झालं. मग एक बाई बोलली, म्हातारी असावी. रिसबूडांनी मान खाली घातली आणि फोन बंद होईपर्यंत वर केली नाही. मला वाटलं, शिव्या दिल्या. वातीला विचारलं तर ती म्हणाली, नाही. ती बाई वरच्या वाडीतली, त्या दिवशी बाजाराला जाऊन खालीच राहिली म्हणून वाचलेली. तिने एवढंच विचारलं: जाताना तुम्ही सांगितलं होतंत की ईद झाली की परत येतो. कुठली ईद, ते सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसबूड डबे घ्यायला फिरले नाहीत. मी मूठ टाकायला बाहेर गेले तेव्हा त्यांच्या खांबावरचा त्यांचा स्वतःचा डबा पाहिला. रिकामा. त्याच्या पुढच्या दिवशीही रिकामा. मी आत येऊन भाजी परतली, ताटं घेतली. मग गॅस बंद केला आणि त्यांच्या पुढच्या दाराशी गेले.

जाळीच्या दारामागे ते उभे राहिले. बाटिकचा शर्ट अजून अंगावर. दार उघडलं नाही.

"कोणी आजारी आहे का?" मी विचारलं.

"कोणी आजारी नाहीये. मी टाकत नाहीये, एवढंच."

"बरं," म्हटलं आणि घरी आले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले, चौथ्या दिवशी पुन्हा. मैत्री वगैरे झाली नाही. आत ये म्हणाले नाहीत, मी गेलेही नाही. वाती गराजची किल्ली घेऊन बाकीचे डबे फिरवत राहिली. फेब्रुवारीत मुलगी येऊन त्यांना क्लेटनला घेऊन गेली तेव्हा मी ऑफिसात होते, त्यामुळे माझ्यापुरते रिसबूड अजून त्या जाळीच्या मागेच आहेत, चेहऱ्याचे बारीक बारीक चौकोन झालेले. शेवटच्या काही दिवसांतली एक संध्याकाळ. मी प्रश्न विचारला, त्यांनी उत्तर दिलं, मी वळले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"उद्यापासून जरा आधी येत जा. सातला बातम्या असतात."

दुसऱ्या दिवशी मी बरोबर सातला गेले.